सोनीबाईची कांचळी

पोरीनं पिशवीतून कांचळी काढून फळीवर टाकली आणि जलालचा हात आपसूक तिच्या बगलेखाली गेला. शिंप्याचा हात असाच जातो. कपडा कुठे उसवणार हे डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं. पण बोटांना तिथे जे लागलं त्यानं तो चपापला. कांचळी म्हणजे बंजारणीची चोळी, पुढून कवड्या-आरशांनी जड आणि पाठीवर नुसत्या नाड्या. ही तर पिढीजात जुनी, सगळी हातानं शिवलेली. पण दोन्ही बगलांत चार-चार बोटं रुंदीच्या जादा कापडाची एकेक कळी घातलेली होती, आणि ती मशीनवरची होती. आतून दुहेरी शिलाई, शेवटी उलटा टाका, आणि दोरा कात्रीनं न कापता दातानं तोडलेला. ढाणकीच्या बाजारात दातानं दोरा तोडणारा शिंपी एकच होता, आणि तो या घटकेला आपलंच काम हातात धरून, कुणी चोरी पकडल्यासारखा उभा होता. अकरा वर्षं झाली होती. त्याला वाटलं होतं, सोनीबाईनं या कळ्या त्याच दिवशी उसवून चुलीत घातल्या असतील.

"काय कराचं हिचं?" त्यानं विचारलं.

"बारीक कराची हाये. माह्या मापाची." पोरगी विशीतली, सावळी, काटक, पायात स्लीपर, खांद्याला कॉलेजची पिशवी. "आजी म्हणे, ज्यानं ढिली केली त्याच्याच हातून कसून आन."

"आजी कोन?" हे त्यानं उगाच विचारलं.

"सोनीबाई. फुलसावंगीच्या वाटेवरचा तांडा नाई का, तिथली. मी वर्षा. मथुराबाईची पोरगी." मग ती थोडी लाजली. "लग्न हाये माहं. पंधरा दिवसात होईन ना, टेलरकाका?"

टेलरकाका. बरोबरच होतं. पाटीवर 'जलाल लेडीज टेलर' असं लिहिलेलं, समोर पांढऱ्या दाढीचा, चष्मा दोरीनं बांधलेला, एकोणपन्नास वर्षांचा माणूस. त्याला पोरीनं दुसरं काय म्हणावं? तरी तो शब्द बारीक टाचणीसारखा कुठेतरी राहून गेला. त्यानं मापाची पट्टी काढली, आकडे वहीत लिहिले, आठवड्यानं ये म्हणाला, आणि ती गेल्यावर कांचळी घडी करून मशीनच्या खणात ठेवली. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या उजव्याच लागल्या.

ढाणकीत त्याची दोन नावं होती. दिवसा जलाल, रात्री शमारानी. 'कानपूरची शमारानी' अशी पिवळी पत्रकं एकेकाळी उमरखेडपासून वणीच्या जत्रेपर्यंत भिंतींवर लागत, आणि फिरोजच्या ऑर्केस्ट्राची गाडी आली की पोरं तिच्यामागे धावत. कानपूर हे पत्रकापुरतं. त्याचं गाव कानपुरापासून बरंच आत, नाव सांगून कुणाला कळलं नसतं. सतराव्या वर्षी तो एका नौटंकीच्या कंपनीबरोबर तिथून निघाला. आई अंगणात गोवऱ्या थापत होती. तो म्हणाला, घासलेट आणतो. तिनं मान वर न करता म्हटलं, डबा गळतोय, सरळ धर. तो गळका डबा त्यानं स्टेशनवर एका बाकाखाली ठेवला, आणि नंतर कितीतरी वर्षं त्याला गावाची म्हणून आठवण आली की ती त्या डब्याचीच यायची. अजून तिथंच असेल का, कुणी नेला असेल. कंपनी कापसाच्या हंगामात इकडे यायची, कारण तेव्हा जिनिंगवर हजारो माणूस असायचं आणि माणसाला संध्याकाळी बाई नाचताना बघायची असायची, मग ती बाई बाप्या का असेना. तिसऱ्या हंगामात कंपनीचा मालक तंबू तसाच टाकून पळाला. ज्याला त्याला आपापलं गाव आठवलं. जलालला डबा आठवला. तो ढाणकीत राहिला, आणि रौशन मियाँ नावाच्या म्हाताऱ्या शिंप्यानं त्याला मशीन दिलं, कारण पोरगा स्वतःचे घागरे स्वतः शिवत होता आणि ते रौशन मियाँपेक्षा बरे शिवत होता.

सोनीबाई त्याला बाजाराच्या दिवशी भेटली. ती डिंक विकायला बसायची, हातभर हस्तिदंती चुडा, कपाळावर चांदी, जिभेवर तलवार. त्यानं तिच्याजवळच्या गाठोड्यातला जुना आरशांचा घागरा मागितला. ती म्हणाली, "कोन्या बाईसाठी?" तो म्हणाला, "माह्यासाठीच." तिनं त्याला नखशिखांत पाहिलं आणि इतकी हसली की डिंकाचा तराजू कलंडला. पण त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. कुचेष्टेचं हसणं जलालला झोपेतसुद्धा ओळखू यायचं, तो त्याच्या धंद्याचाच भाग होता. पुढच्या बाजारी ती स्वतःच दुकानात आली, घागरा बरोबर बसला की नाही ते बघायला, आणि जाताना म्हणाली, "शमा, कंबर थोडी आत घे व." त्या दिवसापासून ती त्याला कधी जलाल म्हणाली नाही. गावात त्याला शमा म्हणणारे पुष्कळ होते. शमा म्हणताना डोळा न मिचकावणारी ती एकटी.

त्यानंतर त्याला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, अन्न पोटात ठरेना. रौशन मियाँ त्याच साली वारले होते, फिरोज दौऱ्यावर, आणि परदेशी माणसाच्या आजारपणाला शेजारधर्म दोन दिवस पुरतो. तिसऱ्या दिवशी सोनीबाई बैलगाडी घेऊन दारात उभी. तांड्यावर तिनं त्याला महिनाभर ठेवून घेतलं, कसलासा कडू पाला वाटून पाजला, आणि बाज टाकली ती कुठे, तर बायकांच्या बाजूला, ओट्याजवळ. तांड्याच्या नायकानं जरा खाकरून पाहिलं. सोनीबाई म्हणाली, "तो पिवळा पडला हाये, त्याले पुरुष कोन म्हनते?" विषय संपला.

त्या ओट्यावर दुपारी लग्नाच्या पोरी ढावलो शिकायला बसत. नवरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून जे रडते, ते बंजाऱ्यांत नुसतं रडणं नसतं, त्याला सूर असतो, शब्द असतात, बापाचं कडवं वेगळं, भावाचं वेगळं, आईचं, म्हणजे याडीचं, वेगळं. ते आधी शिकावं लागतं. रडायची तालीम असते ही गोष्टच जलालला पहिल्यांदा ऐकून नवल वाटली, आणि दोनच दिवसांत तो तिच्यात अडकला. पोरी हसायच्या, एकमेकींना चिमटे काढायच्या. सोनीबाई हातातली काठी जमिनीवर आपटायची. "आधी श्वास, मंग हुंदका. श्वास न घेता रडली तं शब्द बुडते. अन् शब्द बुडले तं बापाले कसं कळन का पोरगी कायले रडून राह्यली?" दुसरा नियम असा की गळ्याशिवाय ढावलो नाही. हवेत गायचा नाही, तालमीतसुद्धा नाही. कुणाचा तरी गळा धरायलाच हवा.

सगळ्यांत वाईट शिकायची ती सोनीबाईचीच मथुरा. तिला दोन ओळींत हसू फुटायचं. एका दुपारी ती याडीच्या कडव्यात तिसऱ्यांदा अडली, आणि बाजेवरून जलालनं पडल्या-पडल्या ते कडवं सबंध गाऊन दाखवलं. "हे पाय," सोनीबाई पोरींना म्हणाली, "परदेशी मानूस, अंगात रगत नाई, अन् तुमी गोराच्या, बंजाऱ्याच्या पोरी!" मग तिनं त्याला उठवून भिंतीला टेकवून बसवलं. सूर ती सांगणार, चुका ती काढणार, तर गळा कुणाचा? शमाचा. महिनाभर मथुरा त्याच्या गळ्यात पडून आईला निरोप देत होती. शब्द साधे होते: याडी, तू मला उन्हातून पदराखाली नेलंस, आता ऊन माझं मी बघू का? तू माझ्या केसांतली गाठ सोडवलीस, आता गाठ पडली तर कुणाला सांगू? पोरीचं नाक त्याच्या खांद्यावर, तिच्या अंगाला चुलीच्या धुराचा वास. पहिले आठ-दहा दिवस ती हसत होती. मग एकदा हसली नाही. आणि जलालला, जो अंगणातून घासलेट आणायला निघाला होता, पहिल्यांदा कळलं की जाणारा माणूस जातोय हे असं मोठ्यानं, सुरात, गळ्यात पडून सांगता येतं.

मथुराच्या लग्नात तो बरा होऊन फिरोजच्या मंडळींबरोबर वाजवायला आला होता. मथुरा निघाली. बाप, भाऊ, काकी, याडी. एकेकाच्या गळ्यात पडत, तालमीपेक्षा कितीतरी चांगलं गात ती फिरत आली. जलाल बैलांच्या मागे उभा होता. ती त्याच्या दिशेनं वळली असं त्याला वाटलं, आणि त्याच क्षणी तो एक पाऊल मागे सरला. शेजारी ढोलकीवाला होता, क्लॅरिनेटवाला होता. आपण या रांगेत कोण, कोणतं कडवं आपलं? मथुरानं त्याच्याकडे पाहिलं आणि ती पुढे गेली. ती वळली होती की नाही, हे त्याला कधीच विचारता आलं नाही. एक पाऊल काय मोठी गोष्ट असते? पण पुढे बावीस वर्षं ते पाऊल त्याच्या पायात राहिलं.

कांचळीची कळी उसवायला त्यानं ब्लेड घेतलं आणि परत ठेवलं. दुकानासमोरून गाढवं रिकाम्या पाठीनं चालली होती. या वर्षी बाजारात आवाजच नव्हता. कापूस बुडालेला, जिनिंगचा भोंगा दोन हंगाम बंद. मोठ्या गाड्यांतून पेपरवाले आणि साहेब येत, तांड्या-तांड्यांवर फोटो काढून जात, आणि त्यांच्या मागे रस्त्यावरची धूळ तेवढी उरायची. लग्नं एकत्र, मांडवाखाली वीस-वीस, उरकायची पद्धत पडली होती. असल्या दिवसांत लोक नवा ब्लाउज शिवत नाहीत, जुना उलटवून घेतात. जलालला त्याची तक्रार नव्हती. उलटवून दिलेला कपडा अजून दहा वर्षं जातो, हे त्याला स्वतःवरून ठाऊक होतं.

कळ्या त्यानं घातल्या त्याचीही गोष्ट होतीच. नव्वदीनंतर ऑर्केस्ट्राला उतरती कळा लागली, घरोघर टीव्ही आला. सोनीबाई एकदा म्हणाली, "तुह्या त्या चमकीच्या कपड्यापेक्षा माही कांचळी घाल. बसन का नाई पाय." स्वतःच्या लग्नातली कांचळी तिनं त्याला दिली. ती त्याच्या छातीला अपुरी पडली, तेव्हा त्यानं जीव ओतून तसलंच लाल कापड शोधलं आणि बगलेत दोन कळ्या घातल्या. पहिल्या कार्यक्रमाला तिला मुद्दाम बोलावलं. ती आली, बायकांच्या बाजूला पुढे बसली. कार्यक्रम पडत होता. लोक उठायला लागले. मागून कुणी ओरडलं, काही नवीन दाखव! आणि कानपूरच्या शमारानीनं पेटीवाल्याला थांबवलं, डोक्यावर ओढणी घेतली, आणि ढावलो सुरू केला. याडीचं कडवं. गळ्याशिवाय, हवेत.

त्याच्या मनात पाप नव्हतं, हे तो अल्लाच्या दारातही सांगेल. त्याला वाटलं, हे ऐकून माणसं रडतील. आणि अर्धा मिनिट सगळं मैदान खरंच चिडीचूप झालं, उठलेले लोक उभ्या-उभ्या थांबले. मग एक शिट्टी आली. "शमे, मले बी घे व गळ्यात!" सगळं मैदान फुटलं. आणि जलालनं डोळा मारला. विचार करून नाही. वीस वर्षं शिट्टी आली की डावा डोळा मिटायचा, कंबर लचकायची, हात पसरायचे. अंगाला पडलेलं वळण होतं, गुडघ्यावर मारलं की पाय उडतो तसं. त्यानं डोळा मारला, हात पसरले, आणि पुढची ओळ लाडात गायली. कार्यक्रम उचलला गेला. बायकांच्या बाजूची एक जागा रिकामी झालेली त्याला शेवटी दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनीबाई तांड्यावरून चालत आली. दुकानाच्या पायरीवर उभी राहिली, वर आली नाही. हात पुढे केला. त्यानं घडी घालून कांचळी दिली. ती शिव्या देईल म्हणून तो वाट बघत होता. शिव्या मिळाल्या असत्या तर त्यानं पाय धरले असते आणि गोष्ट मिटली असती. ती एवढंच म्हणाली, "शमा, ते हासले ते हासले. तू काहून डोळा मारला?" आणि उत्तराला न थांबता गेली. अकरा वर्षं तो ते शोधत होता, बटणाचं काज करताना, नमाजाला बसताना, आरशात डोळ्यांतलं सुरम्याचं काळं पुसताना. तीन वर्षांपूर्वी मथुरा तापानं गेल्याचं एका गिऱ्हाइकानं जाता-जाता सांगितलं. त्यानं दुकान बंद केलं, काळीपिवळी जीपमध्ये बसला, तांड्याच्या फाट्यावर उतरला, आणि समोरून येणाऱ्या दुसऱ्या काळीपिवळीत बसून परत आला. त्याच हिवाळ्यात एका कार्यक्रमात वरच्या सुरात त्याचा आवाज चिरकला. लोक हसले. हे हसणं निराळं होतं. शमारानीचे घागरे त्यानं ट्रंकेत घातले आणि डांबराच्या गोळ्या टाकल्या.

आठवड्यानं वर्षा आली, पडद्याआड जाऊन कांचळी घालून बघितली. नीट बसली होती. त्यानं कळ्या कापून टाकल्या नव्हत्या. आतल्या बाजूला मुडपून बारीक टीप मारली होती. "कापू नाई बेटा. उद्या अंग भरन तुह्यं, तवा सोडता येईन," तो म्हणाला. ती पैसे द्यायला लागली तेव्हा नको म्हणाला. तरी ती जाईना. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"तुमाले ढावलो येते म्हनते."

जलालनं चष्मा काढून पुसला. "कोन म्हनते?"

"माही याडी सांगे. मी आश्रमशाळेत वाढली, मले तुकडे-तुकडे येते. आजीले लकवा मारला तवापासून बोल निघते कसाबसा, सूर नाई निघत. भुरीकाकीले येते, पन तांडा अर्धा उसाले गेलेला. ते बी तिकडंच, कोल्हापूरकडं फडावर."

"सामूहिक लग्नात कोन ऐकन तुहा ढावलो? माइकवाला दोन मिनिटं बी देनार नाई."

"दोन मिनिटं तं दोन मिनिटं. माही याडी गायली, तिची याडी गायली. मी काय मुक्यानं जाऊ?"

"सोनीबाईनं सांगतलं का मले विचाराले?"

"नाई. आजीनं फक्त कांचळी देल्ली." तिनं बोटाचा बंद सोडला. "पन कांचळी माह्या बापाच्या हातून बी धाडता आली असती. मलेच काहून धाडलं?"

पोर हुशार होती. पण जलालनं मान हलवली. ते पुन्हा तोंडात घेणार नाही अशी शपथ आहे, म्हणाला. वर्षानं वाद घातला नाही. तिनं डोक्यावर ओढणी घेतली आणि तिथंच, मशीनसमोर, जसं येत होतं तसं गायला लागली. बापाचं कडवं, अर्धं भावाचं, मध्येच हुंदका, हुंदक्यात बुडालेले शब्द. जलालनं ऐकलं, दात आवळले, पायाखालचं पायडल उगाच चालवलं, आणि चौथ्या ओळीला त्याच्या तोंडून निघून गेलंच, "थांब. आधी श्वास."

पुढचे आठ दिवस दुपारी दुकानाचं दार लोटलेलं असायचं. पहिल्या दिवशी त्यानं शमाच्या आवाजात सूर लावला, तो चिरकला, आणि तो ओशाळून घसा खाकरू लागला. वर्षा म्हणाली, "खालच्या आवाजात गा ना. तुमचा जो हाये त्यात." त्याचा जो आहे तो आवाज कोणता, हे त्यालाही पाहावं लागलं. जाडा, खर्जातला, थोडा घोगरा असा एक आवाज निघाला, त्याच्या आईच्या भावाचा असावा तसा. त्या आवाजात ढावलो वाईट लागत नव्हता. आणि गळ्याशिवाय ढावलो नाही, म्हणून पुन्हा त्याचाच गळा. ज्या खांद्यावर मथुराचं नाक होतं त्यावर आता तिच्या पोरीचं. हिला हसू येत नव्हतं. याडीच्या कडव्याला ती पहिल्यांदा आली तेव्हा बोलली, "हे कोनाच्या गळ्यात गाऊ? माही याडी तं नाई."

"आजी हाये ना. आजीच्या गळ्यात."

"अन् तुमच्या गळ्यात कोनतं?"

तो हसला. "मी तं टेलर हाव बेटा. मापाचा गळा." ती हसली नाही. पण तिनं दुसरं काही सुचवलंही नाही, आणि जाताना एवढंच म्हणाली, लग्नाले येजा. त्या दिवसापासून जलालला एकच गोष्ट कुरतडत राहिली. त्यानं मनात सगळी नाती लावून पाहिली: काका, मामा, मावशी, फुफी. कुठलंच बगलेत नीट बसेना. एखादी ओळ, अर्धीसुद्धा चालेल, ज्यात आपण असू. स्वतःची त्याला लाज वाटली. एकोणपन्नासाव्या वर्षी माणसानं असं काय मागावं!

लग्नाच्या सकाळी त्यानं ट्रंक उघडली. वरची निळी साडी खांद्याला लावून पाहिली. मग ती ठेवून पांढरा सदरा-पायजमा घातला, डोळ्यांत मात्र थोडा सुरमा घातला. तेवढा चालतो.

मांडव बाजाराच्या आवारात होता, जिथे एरवी या दिवसांत कापसाचे ढीग असतात. आवार रिकामं म्हणूनच मिळालं होतं. कुंपणाच्या काटेरी तारेला जुन्या हंगामाचा कापूस अजून चिकटलेला. एकवीस नवरे, एकवीस नवऱ्या, एक माइक. भाषणं झाली, अक्षता पडल्या, जेवणं उरकली. सोनीबाई पुढे एका प्लास्टिकच्या खुर्चीत होती. जलालनं तिला लांबून ओळखलंच नाही. तलवारीसारखी बाई, तिचं अर्धं तोंड खाली ओघळलेलं, डावा हात मांडीवर निजवून ठेवलेला. वर्षा कांचळी घालून पाया पडायला वाकली, तेव्हा सोनीबाईनं उजवा हात तिच्या बगलेखाली नेला. बोटं शिवणीवरून फिरली. एका जागी थांबली, आत मुडपलेल्या कापडाची जाडी चाचपून पाहिली. तिनं मान वर केली नाही. जलाल कापूस तोलायच्या काट्यामागे सरकला.

माइकवाला म्हणाला, मंडळी, पाठवणी आटपा, गाड्या खोळंबल्या आहेत. वर्षाचा बाप बादल त्याच्यापाशी जाऊन हात जोडून काही बोलला. दहा मिनिटं मिळाली. वर्षानं ओढणी ओढली आणि बापाच्या गळ्यात पडली. पहिला श्वास जलालला काट्यामागून ऐकू आला, पूर्ण, पोटातून घेतलेला, मग हुंदका, मग शब्द, प्रत्येक शब्द सुटा, धुतल्यासारखा. आवारातली कुजबूज थांबली. बादलसारखा गडी लहान पोरासारखा रडायला लागला. भावाचं झालं. धाकट्या काकीचं झालं. दुसऱ्या नवऱ्याही आपापल्या माणसांना धरून थांबून बघत होत्या. मग वर्षा खुर्चीपाशी गेली, गुडघ्यावर बसली, आणि आजीच्या गळ्यात हात टाकायला लागली. याडीचं कडवं.

सोनीबाईनं तिला धरलं नाही. उजव्या हातानं पोरीचा खांदा पकडून तिला मागे केलं. लोकांना वाटलं म्हातारीला त्रास होतोय. तिचं तोंड वाकडं हललं, एकदा, दोनदा, मग शब्द आले, जाड, ओले, पण सगळ्यांना कळतील असे.

"माहा गळा नाई. मथुरा... शमाच्या गळ्यात शिकली. जाय. तुही याडी... तिथं हाये."

आणि हात काट्याच्या दिशेनं उचलला.

माणसं बाजूला झाली. जलालला पाय मागे घ्यायचा होता. शरीराला ते ठाऊक होतं, बावीस वर्षांचं पाऊल तयार होतं. मागे काटा होता. पण काटा नसता तरी तो सरला नसता, असं त्याला पुढे कायम वाटत राहिलं. वर्षा आली, कवड्या त्याच्या छातीवर रुतल्या, आणि ती भर आवारात, माइकच्या समोर, पांढऱ्या दाढीच्या माणसाच्या गळ्यात पडून गायली, याडी ये, तू मला उन्हातून पदराखाली नेलंस. मागून कुणीतरी ओळखलं. "अबे, शमारानी!" आणि शिट्टी आली, तीच, लांब, वर चढत जाणारी. जलालला आपला डावा डोळा आपला नसल्यासारखा जाणवला. तो पाण्यानं भरला होता. तो मिटला नाही.

याडीला उत्तर द्यावं लागतं. पोरीनं गाठीचं विचारलं की आईनं सांगायचं, गाठ पडली तर मला हाक मार, मी जिथं असेन तिथं तुझे केस माझ्या बोटांत आहेत. हे त्याला झोपेत पाठ होतं. त्यानं तोंड उघडलं. त्याला गोवऱ्या थापणारे हात दिसले, वर न केलेली मान दिसली, आणि श्वास घ्यायच्या आधीच हुंदका आला. सगळे शब्द बुडाले. वर्षा त्याला घट्ट धरून राहिली. खुर्चीजवळ सोनीबाईची काठी उभी होती, तिच्या चांगल्या हाताच्या अगदी जवळ. तिनं ती आपटली नाही.